लक्ष्मीबाई टिळक : संसारातून उमगलेला ख्रिस्तधर्म

१

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे मराठी वाङ्मयातील स्थान 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राने निश्चित केले आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील विनोद, सहजता आणि प्रांजळपणा यांविषयी मराठी समीक्षेने विपुल लिहिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक या विलक्षण पुरुषाबरोबरचा त्यांचा संसार हाही अभ्यासकांच्या आवडीचा विषय ठरला. त्या मानाने लक्ष्मीबाईंच्या धर्मजीवनाचा स्वतंत्र विचार थोडाच झाला. पतीच्या पाठोपाठ पत्नीने केलेले धर्मांतर, असे त्याचे वर्णन करून पुष्कळदा पुढे जाण्यात येते. जोसेफिन इंकस्टर यांनी केलेल्या आणि १९५० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादाचे 'आय फॉलो आफ्टर' हे शीर्षक बायबलमधील एका वचनाचा पडसाद घेऊन आले आहे; परंतु मराठी वाचकाच्या मनात तेही पतिमार्गाने जाणाऱ्या पत्नीचेच चित्र उभे करते.

घटनांचा क्रम मात्र या समजाला आधार देत नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली राहुरी येथे. मधल्या पाच वर्षांत त्यांनी पतीच्या नव्या धर्माला विरोध केला, त्यापासून दूर राहून पाहिले, त्याच्या शेजारी राहून आपला आचार राखून पाहिला आणि अखेर स्वतःच्या विचाराने तो आचार टाकला. हा विचार ग्रंथवाचनातून किंवा मिशनऱ्यांच्या व्याख्यानांतून प्रामुख्याने आलेला नाही. चूल, पाणी, जेवणाची पंगत, आजाऱ्याची उशाशी बसून केलेली सेवा, परक्याचे मूल पदरात घेणे, या बाईच्या नित्याच्या व्यवहारांतून तो आला. लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचे मूळ आणि तिची कसोटी दोन्ही संसारातच होती, हे त्यांच्या चरित्राच्या आधारे दाखवता येते.

२

लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. त्यांच्या बालपणावर १८५७ च्या उठावाची छाया होती. त्यांच्या आईच्या वडिलांना त्या उठावात फाशी झाली होती आणि या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने शुचितेचा ध्यास घेतला. सोवळ्याचा अतिरेक एवढेच त्याचे वर्णन पुरेसे होणार नाही. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, स्पर्शाने काय बाटेल याची अखंड धास्ती बाळगायची, आणि या धास्तीचा सारा भार घरातील बायकामुलांनी वाहायचा, अशी त्या घराची रीत होती. बाहेरच्या जगाची भीती पाण्याने धुऊन काढण्याचा हा प्रयत्न होता.

या बालपणाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर, पाणी, अन्न आणि स्पर्श या गोष्टींभोवती धर्म कसा उभा राहतो याचा अनुभव लक्ष्मीबाईंना कळत्या वयाच्या आधीपासून मिळाला. दुसरे असे की, आचाराला लागलेली कीड त्यांनी घरातच पाहिली; मात्र ती पाहूनही आचाराचा धाक त्यांच्या मनातून गेला नाही. स्वतः सोसलेल्या छळाविषयी त्या पुढे विनोदाने लिहू शकल्या; तरी विवाहानंतरची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी तेच सोवळे आपल्या परीने पाळले. धर्मांतराच्या चर्चेत हा तपशील दुर्लक्षित राहू नये. त्यांच्या दृष्टीने विटाळ ही वाद घालण्याची कल्पना नव्हती. ती अंगात मुरलेली सवय होती आणि म्हणूनच ती केवळ युक्तिवादाने सुटणारी नव्हती.

३

१८८० साली नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. टिळक त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचे, कवित्वाचे आणि संस्कृत विद्येचे वेड असलेले, परंतु एका ठिकाणी स्थिर न राहणारे तरुण होते. नोकरी सोडणे, न सांगता घरातून निघून जाणे, हाती आलेला पैसा देऊन टाकणे, हे त्यांचे स्वभावविशेष संसाराच्या पहिल्या पर्वातच प्रकट झाले. सासरे वामनराव कठोर वृत्तीचे होते. गरिबी, अपत्यवियोग आणि वारंवार मोडणारे बिऱ्हाड यांतून वाट काढत असतानाच लक्ष्मीबाई पतीकडून लिहावाचावयास शिकल्या. मुलगा देवदत्त याचा जन्म १८९१ चा.

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असता आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ही हकीकत सर्वपरिचित आहे. पुढील दोन वर्षांत त्यांच्या मनात जे मंथन झाले त्याची पूर्ण कल्पना लक्ष्मीबाईंना नव्हती. बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. हिंदू समाजाच्या दृष्टीने त्या सधवा असूनही पतीला मुकल्या होत्या. नातलगांच्या आश्रयाने राहणे आणि लहान मुलाला सांभाळणे एवढेच त्यांच्या हाती उरले. या काळातील त्यांचे बरेचसे वास्तव्य पंढरपुरात झाले.

पंढरपूरचा हा मुक्काम योगायोगाचा असला तरी अर्थपूर्ण आहे. दळणकांडण करीत विठ्ठलाला आपल्या कामात सहभागी करून घेणाऱ्या जनाबाईची परंपरा याच गावची. स्त्रीच्या श्रमात देव उतरतो, ही कल्पना मराठी भक्तिपरंपरेत जात्याच्या घरघरीइतकी ओळखीची आहे. पुढे टिळकांनी आपला ख्रिस्तशोध वारकरी संतांच्या वाटेने झाल्याचे मानले आणि त्यांच्या अभंगरचनेने ही जवळीक सिद्धही केली. लक्ष्मीबाईंनी असा सिद्धांत कोठे मांडला नाही. परंतु त्यांची पहिली काव्यरचना विरहाच्या या काळात झाली, आणि दुःखाला शब्द देताना हाताशी असलेली भाषा ओवी-अभंगांची, बायकांच्या मुखी असलेल्या गाण्यांची होती. नव्या धर्मात जाताना ही भाषा त्यांनी मागे ठेवली नाही.

४

चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलासह पतीजवळ अहमदनगरला आल्या. येथून त्यांच्या धर्मजीवनाचा निर्णायक भाग सुरू होतो. पतीकडे येणे म्हणजे पतीचा धर्म स्वीकारणे, असा अर्थ त्यांनी केला नव्हता आणि टिळकांनीही तो लादला नाही. स्वतंत्र चूल, आपण भरलेले पाणी, आपल्या हातचा स्वयंपाक अशी व्यवस्था ठेवून त्या ख्रिस्ती वस्तीत ब्राह्मण गृहिणी म्हणून राहू लागल्या. एका छपराखाली दोन धर्म नांदत होते आणि त्यांमधली सीमा पाण्याच्या भांड्यावरून जात होती.

ही सीमा कोणापासून संरक्षण करीत होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे १८३१ मध्ये कार्य सुरू केले आणि त्या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणात महार आणि मांग या जातींतून आलेला होता. टिळकांसारख्या उच्चवर्णीय व्यक्तीचे धर्मांतर वृत्तपत्रांत गाजे. पण ज्या मंडळीत ती व्यक्ती प्रवेश करी, ती मंडळी या सामान्य, श्रमजीवी माणसांची असे. म्हणून लक्ष्मीबाईंपुढील प्रश्न ख्रिस्ताविषयीच्या मतापुरता नव्हता. शेजारच्या महार-मांग ख्रिस्ती बाईने दिलेले पाणी पिता येईल काय, तिच्याबरोबर पंगतीला बसता येईल काय, असा तो होता. धर्ममत बदलूनही जात टिकवून धरता येते, याची उदाहरणे भारतीय ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात थोडी नाहीत. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत क्रम उलटा झाला : आधी जात गेली, मग बाप्तिस्मा झाला.

जात जाण्याचा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सविस्तर सांगितला आहे. एका रात्री झोप न लागता त्यांच्या मनात जातिभेदाचा विचार सुरू झाला. ईश्वराने निर्माण केलेल्या प्राण्यांच्या जाती पाहताक्षणी ओळखता येतात. माणसामाणसांत असा भेद दिसत नाही. जन्म, मरण आणि देहाची घडण सर्वांची सारखीच. तेव्हा हा भेद ईश्वरकृत नसून मनुष्यकृत असला पाहिजे, या निष्कर्षावर त्या आल्या. निष्कर्ष हाती येताच त्याची अंमलबजावणी कशी करायची याविषयी त्यांना शंका राहिली नाही : यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. टिळकांना हे कळले तेव्हा त्यांना झालेला आनंद मोठा होता. परंतु निर्णय होऊन गेल्यावरच तो त्यांना कळला, हे महत्त्वाचे आहे.

या विचारप्रक्रियेत बायबलमधील एकाही वचनाचा आधार घेतलेला नाही. गोठ्यातली आणि अंगणातली जनावरे, बाळंतपण आणि मरण, म्हणजे बाईच्या रोजच्या पाहण्यातल्या गोष्टी हेच तिचे पुरावे आहेत. हा प्रसंग घडल्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी, कथनाची कला अवगत झालेल्या लेखिकेने तो लिहिला आहे, तेव्हा त्यातील नेटकेपणा काही अंशी कथनाचा असणे शक्य आहे. तरीही आपल्या आयुष्यातील वळण सांगताना या लेखिकेला साक्षात्काराची किंवा प्रवचनाची आठवण न येता पंक्तिभेदाची आठवण यावी, ही निवडच त्यांच्या धर्मदृष्टीविषयी पुरेसे सांगते.

५

पंडिता रमाबाईंशी तुलना केली असता या वाटेचे वेगळेपण स्पष्ट होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. संस्कृत शास्त्रांचे अध्ययन, ब्राह्म विचारांचा परिचय आणि शुभवर्तमानाचे वाचन अशा बौद्धिक टप्प्यांनी त्या ख्रिस्तधर्माकडे आल्या. पुढे चर्चच्या अधिकाराशीही त्यांनी तत्त्वाच्या पातळीवर वाद घातला आणि आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. लक्ष्मीबाईंपाशी शास्त्राध्ययन नव्हते, परदेशगमन नव्हते, संस्थेचे बळ नव्हते. वाचनाची गोडीही त्यांना विवाहानंतर लागली. म्हणून त्यांच्या श्रद्धेला कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही. उलट, शिक्षणापासून वंचित राहिलेल्या बहुसंख्य मराठी स्त्रियांना धर्मविचाराची जी एकमेव जागा मोकळी होती, त्या घर या जागेतून त्या विचार करीत होत्या.

शुभवर्तमानातही या वाटेला आधार आहे. पिठात खमीर कालवणारी बाई, हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई हे येशूच्या दृष्टांतांतील विषय आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीच्या कथेत येशू विहिरीवर एका परक्या समाजातील बाईकडे पाणी मागतो आणि त्याने पाणी मागावे याचेच तिला नवल वाटते. पाश्चात्त्य वाचकाला या नवलाचे स्पष्टीकरण करावे लागते. मराठी वाचकाला, विशेषतः लक्ष्मीबाईंच्या पिढीतील स्त्रीला, ते करावे लागले नसते. एकीकडे जनाबाईचे जाते आणि दुसरीकडे ही विहीर, या दोहोंच्या मधल्या प्रदेशात लक्ष्मीबाईंची श्रद्धा घडली.

६

१९०० साल हे छप्पनच्या दुष्काळाचे होते. अहमदनगर जिल्ह्यात अन्नान्न झालेली कुटुंबे आणि आईबापांवाचून उघडी पडलेली मुले यांचा भार मिशनने उचलला होता. टिळकांच्या घरीही अशी मुले आली आणि राहिली. पतीचे औदार्य शब्दांनी व्यक्त होई. त्या औदार्याचे रूपांतर भाकरीत करण्याचे काम पत्नीचे होते. मिळकत बेताची, पाहुणे अनपेक्षित आणि घरधनी हातचे देऊन मोकळे होणारे, अशा परिस्थितीत रोज किती जणांना पुरवायचे याचा हिशोब लक्ष्मीबाईंना करावा लागे. आपण केलेल्या हिशोबाचा आणि तो वारंवार चुकल्याचा वृत्तान्त त्या हसत सांगतात. या हसण्यामुळे वाचकाच्या लक्षातून एक गोष्ट निसटण्याचा संभव आहे. ज्यांच्या हातचे पाणी त्यांना काही काळापूर्वी चालत नव्हते, त्यांचीच मुले आता त्यांच्या ताटाशी बसत होती.

प्लेगच्या दिवसांत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. स्पर्शाच्या भीतीत वाढलेल्या बाईने स्पर्शानेच मरण आणील असे ज्याविषयी लोकांना वाटत होते त्या रोगाच्या खाटेजवळ जावे, हा तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठा बदल होय. वडिलांच्या घरातील शुचिता माणसांना दूर ठेवून सुरक्षितता शोधत होती. नव्या जीवनात स्वच्छतेचे महत्त्व कमी झाले नाही, पण ती रोग्याच्या सेवेसाठी आली. विटाळाचा धर्म आणि सेवेचा धर्म यांतील हे अंतर लक्ष्मीबाईंनी तात्त्विक भाषेत मांडले नाही; ते त्यांच्या दिनक्रमात दिसते.

याच गृहधर्माचा लाभ मराठी कवितेलाही झाला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, काही काळ टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलाप्रमाणे वागवले. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनामागे टिळकांचा उत्साह होता, तर अशा उत्साहाला आधार देणारे घर लक्ष्मीबाई चालवीत होत्या. तेथे हिंदू कवी आणि ख्रिस्ती उपदेशक एकाच आस्थेने जेवत असत. धर्मांतराने मराठी समाजाशी असलेले नाते तुटले नाही, याचे श्रेय टिळकांच्या देशीपणाच्या आग्रहाला जसे आहे तसे या पंगतीलाही आहे.

७

१९१७ साली टिळकांनी मिशनचा आश्रय सोडला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास देवाचा दरबार हा उपक्रम आरंभला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पतीबरोबर श्रद्धा आली असती तर पतीबरोबर ती जाण्याचाही संभव होता. लक्ष्मीबाईंच्या पुढील सतरा वर्षांनी या शंकेचे उत्तर दिले. उपजीविकेसाठी आणि मुलाच्या संसारासाठी त्या गावोगाव राहिल्या. कराचीचा मुक्काम त्यांपैकीच एक. वार्धक्य, आजार आणि आर्थिक विवंचना असूनही त्यांनी मोठी दोन वाङ्मयीन कामे केली.

त्यांपैकी एक 'ख्रिस्तायन' या ओवीबद्ध महाकाव्याचे. टिळकांनी आरंभिलेले हे ख्रिस्तचरित्र थोड्या अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय रचून ते जवळजवळ पूर्णत्वास नेले; अखेरची पूर्तता देवदत्त टिळक यांनी केली आणि ग्रंथ १९३८ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ज्या बाईला लिहिणे पतीने शिकवले, तिने पतीचा ग्रंथ त्याच्या वाट्याहून कितीतरी अधिक लिहून सिद्ध करावा, हे मराठी वाङ्मयातील विरळ उदाहरण आहे. ओवी हा छंद त्यांना परका नव्हता. बायकांच्या जात्यावर आणि पोथीच्या पाटावर तो आधीच नांदत होता.

दुसरे काम 'स्मृतिचित्रे'. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. आठवणी पतीच्या मागितल्या गेल्या. लिहिले गेले ते लक्ष्मीबाईंचे स्वतःचे जीवन. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले तेव्हा चौथा भाग अपुरा होता. आज 'ख्रिस्तायन' अभ्यासकांपुरते उरले आहे, 'स्मृतिचित्रे' मात्र सतत वाचले जाते. १९८२ मध्ये विजया मेहता यांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांचा नवा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला.

या दोन ग्रंथांच्या भवितव्यातील फरक विचार करण्यासारखा आहे. महाकाव्यात लक्ष्मीबाई ख्रिस्ताविषयी बोलतात. आत्मचरित्रात त्या घराविषयी बोलतात. वाचकांनी दुसऱ्या ग्रंथाला जवळ केले आणि त्याची गणना धार्मिक वाङ्मयात करण्याचे कारण त्यांना वाटले नाही. परंतु त्यांच्या धर्मविचाराचा अधिक विश्वसनीय पुरावा याच दुसऱ्या ग्रंथात आहे. त्यांचा विनोद हाही त्या विचाराचा भाग मानला पाहिजे. स्वतःच्या सोवळ्याला हसणारी, पतीच्या औदार्यापायी रिकाम्या झालेल्या डब्यांना हसणारी आणि स्वतःच्या रागालाही हसणारी ही लेखिका आपले माणूसपण इतरांहून उच्च मानायला तयार नाही. एका निद्रारहित रात्री जातीविषयी तिने जे ठरवले, त्याचेच हे शैलीतील रूप आहे.

लक्ष्मीबाईंच्या कवितासंग्रहाचे नाव 'भरली घागर' आहे. विटाळाच्या धाकाने जपलेली घागर आणि कोणाही तहानेल्यापुढे ठेवलेली घागर या दोन टोकांमध्ये त्यांचे सदुसष्ट वर्षांचे आयुष्य गेले. 'स्मृतिचित्रे'चा पुढील अभ्यास करताना त्यातील स्वयंपाकघर, पाणवठा आणि आजाऱ्याची खाट ही प्रसंगांची पार्श्वभूमी समजून न सोडता एका स्त्रीच्या धर्मचिंतनाची स्थळे म्हणून वाचणे आवश्यक आहे. तसे वाचले तर मराठी स्त्रीच्या धर्मांतराचा इतिहास केवळ वादविवाद आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी यांतून लिहिता येणार नाही, हेही लक्षात येईल.